कोंडलेल्या कुत्र्याला काम द्या



एप्रिल उजाडला की आपल्याकडे बोलायला एकच विषय असतो, पारा. विदर्भातल्या तापलेल्या गावांची यादी बातम्यांत आली की चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं बहुतेक वेळा वरच्याच ओळीत असतात. 45 अंशांचं आता कुणाला नवल वाटत नाही आणि नवतपाचे नऊ दिवस लागले की आकडा त्याच्याही पुढं सरकतो. आपण डोक्याला दुपट्टा बांधतो, कूलरच्या टाकीत पाणी भरतो, कैरीचं पन्हं करून ठेवतो. घरातल्या कुत्र्याची सोय मात्र पाण्याच्या घमेल्यापाशीच संपते. आज त्या कुत्र्याबद्दल बोलायचं आहे आणि एका छोट्या युक्तीबद्दल. पोकळ रबरी खेळण्यात घरातलाच खाऊ भरायचा, तो गोठवायचा आणि कुत्र्याला चाटायला द्यायचा.

हे ऐकून काहींना वाटेल, जनावरांच्या डॉक्टरीणबाई पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांचे चोचले आम्हाला सांगायला आल्या. पण माझं म्हणणं नेमकं उलट आहे. या युक्तीची गरज पुण्या-मुंबईपेक्षा चंद्रपूर-गडचिरोलीला जास्त आहे. त्याला कारणं दोन. एक ऊन, दुसरं बिबट्या.

आधी उन्हाचं बघू. माणसाला अंगभर घाम येतो आणि तो वाळताना अंग निवतं. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात आणि त्यांचा अंग थंड करायला फारसा उपयोग होत नाही. तो निवतो धापा टाकून. जीभ बाहेर काढून भराभर श्वास घेतला की जिभेवरचा आणि नाकातला ओलावा उडतो आणि तेवढी उष्णता बाहेर पडते. स्वस्थ पडलेला कुत्रा मिनिटाला साधारण 10 ते 30 श्वास घेतो. धापा टाकताना हाच आकडा दोनशेच्याही वर जातो. बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम झाली की ही यंत्रणा कमी पडायला लागते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास आणि आपली दुपार 45 ची. म्हणून सकाळी नऊ-दहापासून संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत कुत्रा घरात, सावलीत, पंख्याखाली हवा. टिनाच्या शेडखाली बांधलेला कुत्रा सावलीत असतो खरा, पण भट्टीत असतो.

आता बिबट्याचं. ताडोबाभोवतीच्या गावांना हे सांगायची गरज नाही. खुद्द चंद्रपूर शहराला लागून दुर्गापूर, ऊर्जानगर आहे, औष्णिक वीज केंद्राचं झुडपी आवार आहे. तिथं वाघ-बिबट्यांचा वावर आहे आणि माणसंही दगावली आहेत. बिबट्या वस्तीजवळ येतो तो बहुतेक वेळा माणसासाठी येत नाही, कुत्र्यासाठी येतो. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. बिबट्याच्या खाण्यात, वजनाच्या हिशोबानं, सुमारे 87 टक्के पाळीव प्राणी निघाले आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के. तो भाग उसाचा, आपला भाग जंगलाचा, त्यामुळे आकडे तसेच्या तसे इथं लागू होणार नाहीत. पण अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट, हे दोन्हीकडे खरं आहे. तेव्हा दिवेलागणीपासून उजाडेपर्यंतही कुत्रा दाराच्या आतच हवा.

म्हणजे हिशोब काय झाला? दुपार आत, रात्र आत. बाहेर फक्त सकाळ आणि संध्याकाळची घटकाभर. कोवळा, अंगात दम असलेला कुत्रा असा एकोणीस-वीस तास घरात राहिला तर काय करणार? चपला फाडणार, दार खरवडणार, गादीचा कापूस काढणार, येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकत बसणार. मग लोक दवाखान्यात येऊन सांगतात, "मॅडम, हा फार माजला आहे." तो माजलेला नसतो, रिकामा असतो. कुत्र्याचं नाक आणि डोकं दिवसभर काहीतरी शोधायला घडलेलं आहे. आपल्या गडचिरोलीत सुरुंग शोधणाऱ्या श्वानपथकांतले कुत्रे बघा. त्यांना रोज काम असतं, कामाचं बक्षीस असतं, म्हणून ते शांत दिसतात. घरच्या कुत्र्याला आपण वाडग्यात जेवण देतो, ते तो दोन मिनिटांत संपवतो आणि उरलेला दिवस त्याच्यापुढे तसाच उभा असतो.

जनावराला कामाची ओढ असते, हे प्रयोगातही दिसलेलं आहे. 1963 मध्ये ग्लेन जेन्सन या संशोधकानं उंदरांपुढे दोन पर्याय ठेवले. एका भांड्यात खाणं तयार आणि दुसरीकडे कळ दाबली तर खाणं. भांडं भरलेलं असतानाही कितीतरी उंदीर कळ दाबून खायला गेले. पुढं इतर बऱ्याच प्राण्यांत असंच दिसलं. घरच्या मांजरांनी तेवढा फुकटच्या भांड्याला कौल दिला, ते त्यांच्या स्वभावाला धरूनच झालं. प्राणिसंग्रहालयांत उन्हाळ्यात अस्वलांना फळं घातलेल्या बर्फाच्या लाद्या देतात, त्यामागचा विचारही हाच. थंडावाही मिळावा आणि वेळही जावा.

कुत्र्यांच्या या रबरी खेळण्याची जन्मकथा गमतीची आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात जो मार्कहॅम नावाचा माणूस आपली जुनी गाडी दुरुस्त करत होता. त्याचा जर्मन शेफर्ड कुत्रा फ्रिट्झ दगड चावायचा आणि दातांची वाट लावून घ्यायचा. मार्कहॅम त्याच्यापुढे गाडीचे एकेक सुटे भाग टाकत गेला. त्यातला सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा फ्रिट्झनं पकडला आणि सोडेचना. त्या तुकड्याच्या आकारावरून पुढे तीन गोळे एकावर एक ठेवल्यासारखं, आतून पोकळ असं खेळणं निघालं. आज तशा घाटाची खेळणी अनेक कंपन्या बनवतात आणि आपल्याकडेही ती मिळतात.

खेळणं घेताना चार गोष्टी बघा. पहिली, आकार. ते कुत्र्याच्या तोंडात पूर्ण मावता कामा नये. शंका असेल तर एक माप मोठंच घ्या. दुसरी, भोकं. खेळण्याला दोन्ही बाजूंनी भोक हवंच. एकच भोक असेल तर चाटताना आत पोकळी तयार होते आणि जीभ ओढली जाऊन अडकते. परदेशात अशा एका चेंडूमुळे कुत्र्यांना इजा झाल्या होत्या. तिसरी, रबर. नखानं दाबलं तर थोडं दबावं, पण तुकडा सुटू नये. पिल्लासाठी मऊ रबर, जोरकस चावणाऱ्यासाठी कडक. चौथी, खेळण्याला चिरा पडल्या किंवा तुकडे निघायला लागले की ते सरळ फेकायचं. पोटात गेलेला रबराचा तुकडा आतडं अडवतो आणि मग पोट उघडावं लागतं.

घरगुती जुगाड करताना जपून. आपल्याकडे बांबू मुबलक, म्हणून बांबूच्या पेरात खाऊ भरायचं कुणाच्या डोक्यात येईल. तसं करू नका, बांबूच्या कपच्या हिरडीत आणि घशात रुततात. सायकल-मोटारसायकलच्या टायरचे तुकडे नकोत, त्यांत तार असते. नारळाची करवंटीही नको, ती फुटली की धार येते. खेळणं परवडत नसेल तर साधी स्टीलची जाड, पसरट वाटी घ्या आणि तिच्यात खाऊ गोठवा. कुत्रा चाटतो तो वाटीतूनही चाटतो. फक्त फ्रीजरमधून काढल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे थंडगार धातूला जीभ चिकटणार नाही.

आता भरायचं काय? बाजारातून काहीही आणायची गरज नाही. आपला मुलूख धानाचा. सिंदेवाही, मूल, नागभीड, ब्रह्मपुरी आणि पलीकडे सारी गडचिरोली. घरोघरी भात उरतो. तो भात हा आपला पाया. मऊ भात, मुगाचं किंवा तुरीचं साधं वरण, फोडणीच्या आधी बाजूला काढलेलं. त्यात घट्ट दही किंवा ताक. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात, दही-ताक त्या मानानं सोसतं. भाज्यांत उकडलेलं कोहळं, गाजर, दुधी, काकडी. दुधी कडू लागला तर तो कुत्र्यालाही नको. फळांत बिया काढलेलं टरबूज, पपई, थोडं केळ. मांसाहारी घर असेल तर उकडलेलं अंडं, कातडी आणि हाडं काढलेली कोंबडी, तलावातल्या मासळीचा काटे काढलेला गर. वासासाठी मीठ न लावलेले सुके झिंगे चिमूटभर कुस्करून टाकले तर कुत्रा जागचा हलत नाही. भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट पाण्यात कालवून लगदा केला तर तोही चालतो, मात्र शेंगदाणे खवट किंवा बुरशी आलेले नकोत. त्या बुरशीचं विष कुत्र्याच्या यकृतावर जातं.

आता भरायची रीत सांगते, नीट ऐका. खेळण्याचं बारीक भोक खाली येईल असं धरा. त्या भोकात आतून गाजराचा लहानसा तुकडा बसवा, म्हणजे पातळ पदार्थ गळणार नाही. मग खेळणं स्टीलच्या पेल्यात उभं ठेवा, हातात धरून बसायला नको. तळाला सगळ्यांत वासाची वस्तू घाला, झिंगे म्हणा, कोंबडीचा तुकडा म्हणा. शेवटपर्यंत कुत्र्याला ओढ लावायचं काम तिचं. त्यावर भात-वरण-भाजीचा मऊसर गोळा चमच्यानं भरा. गच्च ठासू नका, अधूनमधून पोकळी राहू द्या. मग पातळ ताक सोडा, ते फटीफटींतून खाली उतरतं आणि गोठल्यावर सगळं बांधून धरतं. वर बोटभर जागा मोकळी सोडा, कारण पाणी गोठताना फुगतं. शेवटी तोंडाशी दह्याचा एक थर. पेला तसाच फ्रीजरमध्ये. चार-पाच तास पुरतात, रात्री भरून ठेवलं तर दुसऱ्या दुपारी तयार. दोन खेळणी असतील तर एक धुण्यात, एक फ्रीजरमध्ये, असं चक्र चालतं.

एक गोष्ट मात्र सोडू नका. ज्यानं हे कधी पाहिलंच नाही त्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी दगडासारखं गोठलेलं खेळणं देऊ नका. तो दोनदा हुंगेल, पंजानं ढकलेल आणि कंटाळून निघून जाईल. मग तुम्ही म्हणाल, आमच्या कुत्र्याला आवडत नाही. सुरुवातीला न गोठवता, सैल भरा, उलटं केलं की चार शितं बाहेर पडतील असं. त्याला कळू द्या की या वस्तूत जेवण आहे. मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात थंड केलेलं. मग अर्धवट गोठलेलं. मग पूर्ण. आठवड्याभरात बहुतेक कुत्रे शिकतात. शिकलेला कुत्रा बघण्यासारखा असतो. तो खेळणं उचलून आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात नेतो, दोन्ही पंजांच्या मध्ये धरतो, मान तिरकी करतो आणि जीभ आत घालून एका लयीत चाटायला लागतो. मधेच थांबून खेळणं फिरवतो, नाकानं अंदाज घेतो, पुन्हा सुरू. अर्धा तास असा जातो. खेळणं रिकामं झालं की चाटून दमलेला कुत्रा तिथंच आडवा होतो आणि झोपतो. ही झोप दुपारभर टिकते.

गोठवताना एवढं पाहा की खाऊ चाटण्याजोगा राहावा, फोडण्याजोगा नव्हे. नुसत्या पाण्याचा कडक बर्फ कडाकडा चावणारे कुत्रे असतात. त्यात मागची मोठी दाढ चिरते आणि ते दुखणं महागात पडतं. भात, दही, भाजी असलं की गोठूनही ते भुसभुशीत राहतं.

ज्यांच्या घरी फ्रीज नाही, किंवा फ्रीज आहे पण वीज जाते-येते, त्यांनी काय करायचं? 2920 मेगावॉटचं वीज केंद्र आपल्या चंद्रपुरात आहे, पण एटापल्ली-भामरागडकडच्या श्रोत्यांना उन्हाळ्यातली वीज मी सांगायला नको. त्यांनी गोठवण्याचा नाद सोडावा. गार करणं पुरे. भरलेलं खेळणं झाकणाच्या डब्यात घाला आणि डबा ओल्या पोत्यात गुंडाळून माठाशेजारी वाऱ्यावर ठेवा. दुसरा उपाय पळसाच्या पानाचा. द्रोणात दहीभात घाला, वरून दुसरं पान दुमडा आणि द्या. कुत्रा हुंगतो, पान फाडतो, आतलं चाटतो. त्यातही त्याचा वेळ जातो. मात्र द्रोणाला टोचलेली काडी आधी काढून टाका, ती घशात टोचते. वीज जाऊन फ्रीजरमधला खाऊ पूर्ण पातळ झाला असेल आणि तसाच काही तास पडला असेल तर तो पुन्हा गोठवून देऊ नका. आपल्या उन्हात दही-मांस नासायला वेळ लागत नाही.

आता काय घालायचं नाही, ते. हा भाग कागदावर लिहून फ्रीजला चिकटवला तरी चालेल.

कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजलेला. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून सावजी रस्सा, मसाल्याची भाजी, फोडणीचं वरण, काहीही नको. द्राक्षं, मनुका, बेदाणे नकोत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल यामागं असावं असं अलीकडं मानलं जातं आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. म्हणून चिंचेचं सारही नको. चॉकलेट, चहा, कॉफी नको. शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या टोकदार कपच्या होतात. आंब्याचा गर थोडा चालेल, पण कोय कधीच नको, ती आतड्यात अडकते. बाजारातलं पीनट बटर वापरणार असाल तर डबीवरची बारीक अक्षरं वाचा. बिनसाखरेच्या काही वस्तूंत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. माणसाला तो सोसतो, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर त्यानं तासाभरात धोक्याच्या पातळीपर्यंत उतरते. वजनाची काळजी म्हणून शुगरफ्री आणाल आणि कुत्रा गमवाल.

आणि मोहफुलं. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे अंगणाअंगणात मोह वाळत असतो. गोड आहे, गोळा करायला पैसा पडत नाही, कुत्राही हुंगत जातो. पण ओली फुलं आंबतात आणि आंबली की त्यात मद्य तयार होतं. कुत्र्याला बाधायला ते माणसापेक्षा कितीतरी थोडं पुरतं. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. कुत्र्यांसाठी ती सगळ्याच जिल्ह्यांत पाळावी.

प्रमाणाचंही बोलू. साधारण 20 किलोच्या कुत्र्याला दिवसाला हजाराच्या आसपास कॅलरी लागतात. वरचा खाऊ त्यातल्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा, म्हणजे शंभर कॅलरी. शेंगदाण्याच्या लगद्याचा एक मोठा चमचा भरला की तेवढ्या झाल्याच. म्हणून माझा सल्ला असा, की खेळण्यातला खाऊ वेगळा धरूच नका. त्याच्या नेहमीच्या जेवणातलाच वाटा काढून त्यात भरा आणि ताटात तेवढं कमी वाढा. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्यासाठी आधी आपल्या पशुवैद्यकाला विचारा. तूप, साय, कोंबडीची कातडी यांचा मारा कुणालाच नको. चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दात येत असतात, हिरड्या शिवशिवतात, त्याला थंड खेळण्यानं बरं वाटतं. पगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे आणि दात गेलेले म्हातारे कुत्रे यांना खेळण्याऐवजी पसरट ताटलीत पातळ थर गोठवून द्या, त्यांना नाक आत घालून धडपड करायला लावू नका.

श्रोतेहो, आता सगळ्यांत महत्त्वाचं. गोठलेलं खेळणं हा रिकामपणावरचा उपाय आहे, उष्माघातावरचा नाही. उन्हातून आलेला कुत्रा थांबता थांबेना अशा धापा टाकत असेल, लाळ घट्ट, चिकट झाली असेल, हिरड्या लालभडक दिसत असतील, चालताना झोकांड्या जात असतील, उलटी होत असेल, तर त्याच्या तोंडाशी खेळणं नेऊ नका. चाटायचं म्हटलं की धापा टाकणं थांबतं आणि त्या घडीला त्याला श्वासच हवा असतो. अशा कुत्र्याला आधी सावलीत घ्या, अंगावर नळाचं साधं पाणी भरपूर ओता. पोट, बगला, पंजे भिजवा आणि पंखा किंवा कूलर थेट अंगावर लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. तोंडात पाणी ओतू नका, तो स्वतः पीत असेल तरच पाजा. अंग निवायला लागलं की लगेच दवाखाना गाठा. नंतर बरा दिसला तरी दाखवाच, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते.

खेळणं कुठं द्यायचं, हेही ठरवून घ्या. घराच्या आत, दार लावून. अंगणात किंवा सांदवाडीत नाही. बाहेर सांडलेल्या खाण्याच्या वासावर भटके कुत्रे येतात, डुकरं येतात आणि त्यांच्यामागं कोण येतं हे आपल्याला ठाऊक आहे. मुंग्यांचा त्रास असेल तर परातीत बोटभर पाणी घालून मधे पाट ठेवा आणि त्यावर खेळणं द्या. काम झाल्यावर खेळणं उचलून गरम पाण्यात भिजवा, बाटली धुण्याच्या ब्रशनं आतून घासा आणि उन्हात वाळवा. आतल्या खाचेत शीत राहिलं तर दुसऱ्या दिवशी तिथं आंबूस वास येतो, तो आला की पुन्हा धुवा.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना एक नियम शिकवा. कुत्रा खेळण्यापाशी बसला की त्याच्याजवळ जायचं नाही. मायाळू कुत्राही तोंडचा घास कुणी ओढला तर गुरगुरतो. खेळणं काढून घ्यायचंच असेल तर मोठ्या माणसानं दुसरा एखादा तुकडा थोडा दूर टाकावा, कुत्रा तिकडे गेला की मगच उचलावं. दोन कुत्रे असतील तर दोन खेळणी आणि दोन खोल्या.

आणि जाता जाता लसीबद्दल. रेबीजची लस तर हवीच, पण जंगलाकाठच्या कुत्र्याला डिस्टेंपरचीही हवी. हा रोग कुत्र्यांतून रानातल्या मांसाहारी प्राण्यांत जाऊ शकतो. 2018 मध्ये गुजरातेत गीरमध्ये सिंह मेले, त्यात हा विषाणू सापडला होता. आपल्या गावाला लागून ताडोबा आहे. आपला कुत्रा निरोगी राहणं यात वाघाचाही फायदा आहे.

तेव्हा या उन्हाळ्यात एवढं करा. दुपारी आणि रात्री कुत्र्याला घरात घ्या, आणि घरात घेतलं की त्याच्यापुढे काहीतरी काम ठेवा. आज रात्रीच्या जेवणातला अर्धी वाटी साधा भात बाजूला काढा, ताकात कालवा आणि खेळण्यात किंवा वाटीत भरून ठेवा. पैसे द्यावे लागणार नाहीत, वेळ पाच मिनिटं जाईल. कुत्रा तुमच्या भरवशावर त्या चार भिंतींत राहतो आहे, त्याचा दिवस बरा जावा ही जबाबदारीही मग तुमचीच.